हेडसरांनी न दिलेला एक मार्क

सुंदरराव हेडसरांच्या टेबलापासून माझं टेबल चार हातांवर. मधे एक लोखंडी कपाट. कपाटाच्या पलीकडे हेडसर आणि अलीकडे मी, शाळेचा क्लार्क. त्यांना मी दिसायचो नाही, पण त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू यायचं, आणि मान जरा वाकडी केली की दिसायचंही. एखाद्या माणसाजवळ इतकी वर्षं काढली की एक तर त्याची माया लागते, नाहीतर किळस येते. मला माया लागली नाही.

आमचं गाव उमापूरच्या पुढं. शाळा खासगी संस्थेची, पाचवी ते दहावी. संस्थेचे अध्यक्ष गेवराईला राहायचे, वर्षातनं एकदोनदा यायचे. एरवी त्यांची गावातली माणसं शाळा बघायची. बघायची म्हणजे काय, तर गाडी थेट पटांगणात घालायची, वर्गांसमोरनं एक चक्कर मारायची, आणि हेडसरांच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत हेडसर उभे.

सुंदरराव मूळचे भूगोलाचे. शिकवायला वाईट नव्हते, चांगलेही नव्हते. पुस्तकातला धडा पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि नकाशा भिंतीला लावून ठेवायचा, एवढं ते नेमानं करत. हेडमास्तरकी त्यांना मिळाली ती दुसऱ्यानं नाकारली म्हणून. नोकरीत त्यांच्या वरच्या बाईंनी “मला ही कटकट नको” असं लिहून दिलं, आणि खुर्ची सरांकडे आली. त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले. अध्यक्षांच्या घरी तर दोनदा नेऊन दिले, कारण पहिल्यांदा अध्यक्ष घरात नव्हते.

पटांगणात गाडीचा आवाज आला की सर उठून उभे राहायचे. गाडीत कोण आहे हे कळायच्या आधी. एकदा पशुखाद्य विकणारा एक पोरगा पांढरी गाडी घेऊन पत्ता विचारायला आला, तर सर पार पायऱ्यांपर्यंत गेले, त्याला आत आणून बसवलं, चहा मागवला. तो बिचारा पेंडेच्या गोणीचा भाव सांगायला लागला तेव्हा सरांच्या लक्षात आलं. मग त्याच चहाचा कप त्याच्या हातात असताना म्हणाले, “शाळेत असं कुणीही घुसायचं नसतं, कळतं का?”

खाली बघून बोलायची वेळ आली की त्यांचा आवाज असा एकदम वर चढायचा. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी कुटुंबं ऊसतोडीला जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली की बाया लेकरांची हजेरी, परीक्षा विचारायला यायच्या. त्यांना सर बाकावर बसूही द्यायचे नाहीत. “आत्ता आठवली का शाळा?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई खाली मान घालायची, आणि सरांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

पण त्यांनी कधी पैसे खाल्ले नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. पोषण आहाराचा तांदूळ तोलून यायचा, तोलून जायचा. लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणायचे. मी रोज बघत होतो, मला ठाऊक होतं. पैसे खायला जे धाडस लागतं तेसुद्धा त्या माणसाकडे नव्हतं.

अध्यक्षांच्या गावातल्या माणसांमधला सगळ्यात मोठा म्हणजे बबनराव. आधी ऊसतोड मजुरांच्या एका टोळीचा मुकादम, मग बऱ्याच टोळ्यांचा, मग नेता. गळ्यात सोन्याची साखळी, मागे कायम दोन पोरं. त्याला सरपंच व्हायचं होतं आणि झालाही असता, पण त्या वर्षी आमच्या गावचं पद महिलेसाठी राखीव निघालं. बबनरावानं घरात बघितलं. घरात बायको होती, भिवराबाई. तिच्या नावानं अर्ज भरला, तिचा फोटो पोस्टरवर अंगठ्याएवढा छापला आणि स्वतःचा टोपलीएवढा. ती निवडून आली आणि बबनराव सरपंच झाला.

गावानंही हे इतकं सहज घेतलं की कुणाला काही वावगं वाटलं नाही. “सरपंच आले”, “सरपंच बसलेत”, सगळं बबनरावाला. झेंडावंदनाला तोच. आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला तोच. पहिल्या वर्षी सरांनी रीत म्हणून विचारलं होतं, “वहिनीसाहेब नाही आल्या?” तर तो म्हणाला, “तिला कशाला? मी हाय की.” त्यानंतर सरांनी विचारणंच सोडलं. भिवराबाईचा चेहरा त्यांनी कधी नीट बघितला नसावा.

मी बघितला होता, कारण माझं घर त्यांच्या वस्तीच्या वाटेवर. लग्नानंतर काही वर्षं ही बाई कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायची. त्यापायी तिचे दंड कसे पुरुषासारखे झालते. आईबाप पण तोडकरी, त्यामुळं शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धी. पंचायतीचे कागद सहीला घरी यायचे. बबनराव म्हणायचा, “इथं कर”, आणि ती करायची. फक्त एवढंच झालं, की तिची पोरगी वैष्णवी वाचायला शिकली आणि सही व्हायच्या आधी तो कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. बापाला गंमत वाटायची. पोरीला मात्र ती गंमत वाटत नव्हती, हे पुढं कळलं.

वैष्णवी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. सहावीला नागरिकशास्त्र शिकवायला हनुमान सर. पोरगा तरुण, तासिकेवर लागलेला, कायम व्हायची आस धरून बसलेला. आणि कायम कोण करणार? अध्यक्ष. अध्यक्षांच्या कानात कोण बोलणार? बबनराव. हे सगळं हनुमान सरांच्या डोक्यात चोवीस तास.

घटक चाचणी झाली. ग्रामपंचायतीचा धडा होता, त्यावर हनुमान सरांनी आपल्या मनानं एक प्रश्न घातला, ‘तुमच्या गावच्या सरपंचाचे नाव लिहा.’ एक मार्क. वर्गानं लिहिलं, बबनराव. वैष्णवीनं लिहिलं, सौ. भिवराबाई. हनुमान सरांनी सगळ्यांना बरोबरची खूण केली आणि वैष्णवीला फुली मारली.

पेपर वाटले तेव्हा ती उठली.

“सर, माजं उत्तर बरोबर हाय.”

“बस खाली.”

“सरपंच माजी आई हाय. बबनराव माजे वडील हायत.”

वर्ग हसला. हनुमान सरही हसले. म्हणाले, “अगं, कागदावर कोण हाय ते विचारलं न्हाई मी. गाव कुणाला सरपंच म्हणतं? तुझ्या वडलांनाच ना? घरी जाऊन विचार त्यांना, किती मार्क द्यायचे ते.”

“मग पुस्तकात कशाला लिवलंय, निवडून येतो त्यो सरपंच म्हणून? निवडून आई आलीय.”

सर म्हणाले, शहाणपणा करू नकोस. आणि वळून फळा पुसायला लागले. तेवढ्यात ती पुढं गेली, टेबलावरचं त्यांचं लाल पेन उचललं, फुलीवर बरोबरची खूण केली, बाजूला एक लिहिलं, आणि पेन होतं तिथं ठेवून जाग्यावर येऊन बसली.

हनुमान सरांनी तिला दोन तास बाहेर उन्हात उभं केलं. तिसऱ्या तासाला ती दप्तर घेऊन घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पटांगणात गाडी आली. हेडसर उभे राहिले. यावेळी उभं राहिल्याचं चीज झालं, कारण बबनराव स्वतः होता, आणि तापलेला होता.

“सर, माझ्या पोरीला उन्हात उभी करायची म्हणजे काय? कोन हाय त्यो मास्तर?”

“साहेब, बसा, बसा. मला आत्ता कळतंय. अतिशय चुकीचं झालेलं आहे. अतिशय. मी आज त्याला लेखी विचारतो. साहेब, चहा...”

“चहा ऱ्हाऊ द्या. बोलवा त्याला.”

हनुमान सर आले. चेहरा असा की उभ्या उभ्या कोसळेल. पण पोरगा हेडसरांपेक्षा हुशार निघाला. हात जोडून म्हणाला, “साहेब, मी तुमच्याच बाजूनं बोललो हो. मी विचारलं सरपंच कोण, सगळ्या वर्गानं तुमचं नाव लिहिलं. वैष्णवीनंच एकटीनं न्हाई लिहिलं.”

“मंग कुणाचं लिवलं?”

“वहिनीसाहेबांचं.”

मी कपाटाआडून मान वाकडी केली. मला बबनरावाचं तोंड बघायचं नव्हतं, हेडसरांचं बघायचं होतं. आता यांनी काय म्हणायचं? पोरीचं उत्तर बरोबर म्हणावं, तर समोर बसलेला माणूस सरपंच नाही असं होतं. चूक म्हणावं, तर त्याच माणसाच्या पोरीची चूक काढल्यासारखं होतं. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले.

“म्हणजे... तसं बघितलं तर मुलीचं उत्तर...” एवढं म्हणून थांबले आणि बबनरावाच्या तोंडाकडे बघत राहिले. “तसं म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या...” परत थांबले.

बबनरावानं हनुमान सरांना विचारलं, “सगळ्यांनी माजं नाव लिवलं?”

“सगळ्यांनी, साहेब.”

“पार तिकडच्या, आपल्याला मतं न देनाऱ्या वस्तीवरच्या पोरांनीबी?”

“त्यांनीबी.”

बबनराव हसला. मागची दोन पोरं हसली. आणि मग हेडसर हसले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं मला पलीकडून ऐकू आलं.

“मुलीचं उत्तर चूकच होतं, साहेब,” ते म्हणाले. “आणि वर शिक्षकाच्या पेनाला हात लावला. लाल पेनाला. आज पेनाला लावला, उद्या हजेरीपटाला लावतील. शिस्त म्हणून काही राहिली पाहिजे. आपल्यासारख्या घरातली मुलगी, तिनं आदर्श घालून द्यायचा.”

दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस ‘अतिशय चुकीचं’ म्हणत होता. तेच तोंड, तीच खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली बोटं.

बबनराव म्हणाला, “बरोबर हाय. आमच्या पोरीची गय करू नका. घरातली पोरच बापाचं नाव खोडायला लागली तर गावानं काय करावं?” मग दोघांनी मिळून ठरवलं. सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर वैष्णवीनं माइकवर हनुमान सरांची माफी मागायची. चहा आला. बबनराव सरांच्या खुर्चीत बसून प्याला. सर उभे राहून प्याले.

शनिवारी सकाळची शाळा. दुसरा तास चालू असेल. ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. साधं लुगडं, डोक्यावर पदर, पायात धूळ. वस्तीवरनं चालत आलती. मी बघितलं आणि लगेच ओळखलं. हेडसरांनी बघितलं आणि ओळखलं नाही.

“काय पाहिजे?”

“सर, जरा बोलायचं व्हतं.”

“बाहेर थांबा. काम चालू आहे.”

काम म्हणजे पेपर वाचन. मी कपाटामागनं काहीच बोललो नाही. खरं सांगतो, मला ते बघायचं होतं. बाई बाहेरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ गेला. शिपाई आत आला आणि हळूच म्हणाला, “सर, त्या बाहेर... भिवराबाई हायत.”

“कोण भिवराबाई?”

“सरपंच, सर. म्हंजे सरपंचाच्या... म्हंजे बबनरावांच्या मंडळी.”

सर असे उठले की खुर्ची मागं पडली. दारापर्यंत धावले. “वहिनीसाहेब! अहो सांगायचं की! माफ करा, डोळ्यांचा त्रास आहे मला. या, बसा, बसा. साहेब गाडीत आहेत का?”

“न्हाई. मी एकलीच आलेय.”

“एकट्याच?” सरांनी तिच्या मागं बघितलं, जणू बबनराव पदराआड असेल.

ती बसली. बाकाच्या टोकावर नाही, नीट खुर्चीत बसली. म्हणाली, “सर, माझ्या पोरीनं पेपरात काय लिवलं ते मला कळलंय. तिनं पेन उचललं ते चुकलंच. त्याची माफी ती हितंच मागंल, सरांची, हितं बसून. तिला मी तसं सांगितलंय, ती हो म्हनली. पन सोमवारी त्या भोंग्यावर समद्या पोरांफुडं न्हाई. आन उत्तराची तर माफी न्हाईच.”

“वहिनीसाहेब, ते कालच साहेबांबरोबर ठरलेलं आहे.”

“मी बी तिची आई हाय. माज्यासंगं ठरवा.”

“तसं नाही, पण...”

“सर, मला येक सांगा. गावची सरपंच कोन हाय?”

माझा हात लिहिता लिहिता थांबला. सर खाकरले. टेबलावरचा पेपर सरळ केला. म्हणाले, “कायद्यानं म्हणाल तर आपणच आहात. पण व्यवहारात बघितलं तर जबाबदारी साहेबांची असते. म्हणजे दोन्ही आपल्या जागी...”

“पेपर कशाचा व्हता? कायद्याचा का येव्हाराचा?”

“नागरिकशास्त्राचा.”

“मंग?”

सरांनी पेपर परत सरळ केला. भिवराबाई त्यांच्याकडे बघत होती. रागानं नाही. बाजारात एखादं जनावर बघावं, दात बघावेत आणि नको म्हणून दोर सोडून द्यावा, तसं काहीतरी त्या बघण्यात होतं.

“सर, मी गप ऱ्हाते घरात, ती माजी गोष्ट हाय. मला समदे काय म्हंत्यात ते मला म्हाईत हाय. पन माज्या लेकीनं माजं नाव लिवलं. आजवर कुनी लिवलं न्हवतं. तुमी त्याच्यावर फुली मारली. ती तेवढी काढा. येक मार्क द्या तिला, मी चालले.”

आता बघा, किती लहान गोष्ट. एक मार्क. घटक चाचणीतला, ज्याचं पुढं वर्षाच्या निकालात चिमूटभरही उरत नाही. हेडसरांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्या शब्दावर हा माणूस जगला, तोच. पण तो शब्द ते वर बघून म्हणायचे, आणि समोर पायात धूळ असलेली बाई होती.

“मी एक मिनिट साहेबांना विचारतो,” सर म्हणाले, आणि तिच्या समोर, तिच्या नवऱ्याला फोन लावला.

“साहेब, नमस्कार. नाही, काही विशेष नाही. वहिनीसाहेब आलेल्या आहेत ऑफिसला. हो. एकट्याच. मार्काचं म्हणतात. हो. हो साहेब. हो.” फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. आवाज परत चढला होता, वरून पाठबळ आलं की चढायचा तसा. “साहेब म्हणतात तुम्ही घरी जावा. ते बघून घेतील.”

“मी न्हाई जात.”

“असं कसं, साहेबांनी सांगितलंय.”

“तुमाला सांगितलंय. मला न्हाई सांगितलं.”

ती बसून राहिली. सरांना काय करावं कळेना. शिपायाला पाणी आणायला सांगितलं, पाणी आलं, तिनं घेतलं नाही. मग गाडी आली.

बबनराव आत आला तो दाराशीच थांबला. त्याला वाटलं होतं बाई रडत असेल, किंवा ओरडत असेल. ती नुसती बसली होती. मागं त्याची दोन पोरं, बाहेर मधल्या सुट्टीची पोरं खिडकीला चिकटलेली, व्हरांड्यात शिक्षक. एवढ्या लोकांसमोर बायकोवर हात उचलावा तर गावभर होणार, आणि निवडणूक जवळ आलेली.

“चल घरी,” तो म्हणाला.

“तुमी व्हा फुडं. पोरीचं झालं की येते.”

“काय झालं पोरीचं? येक मार्क? येका मार्कासाठी माजी इज्जत...” तो थांबला. खिडकीकडं बघितलं. आणि मग त्याचा सगळा राग जिथं जायला सगळ्यात सोपं होतं तिथं गेला. “सर, तुमाला येवढी अक्कल न्हाई का? येक मार्क द्यायला फोन कशाला लावायचा? देऊन टाका की! मला काय त्याचं!”

“देतो साहेब, लगेच देतो,” हेडसर म्हणाले. “हनुमान सर! हनुमान सर! वैष्णवीचा पेपर घेऊन या.”

हनुमान सर गठ्ठा घेऊनच आले. तेही व्हरांड्यातच होते. त्यांनी वैष्णवीचा पेपर काढला, लाल पेन उघडलं, आणि मग त्यांना एक शंका आली. पोरगा खरंच भाबडा होता का बेरकी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणाला, “सर, हिचं बरोबर करतो. मग बाकीच्यांनी साहेबांचं नाव लिहिलंय, त्यांचं चूक करायचं का?”

बबनराव हेडसरांकडं बघत होता, भिवराबाई हेडसरांकडं बघत होती. माझ्या आयुष्यात मी एवढं घामेजलेलं तोंड उन्हाळ्यातसुद्धा बघितलेलं नाही.

“दोन्ही बरोबर,” हेडसर म्हणाले.

“दोन्ही?”

“दोन्ही बरोबर धरा. ज्यांनी साहेबांचं लिहिलं त्यांचंही बरोबर, वैष्णवीचंही बरोबर. प्रश्नच तसा होता. सगळ्यांना एक एक मार्क.”

बबनरावाच्या मागच्या दोघांतला एक फिसकन हसला. खिडकीतली पोरं हसली. भिवराबाई पण हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. ते हसणं फार वेळ टिकलं नाही. ती उठली.

“ऱ्हाऊ द्या सर तुमचा मार्क,” ती म्हणाली. आणि कपाटाला वळसा घालून माझ्या टेबलाशी आली. “भाऊ, पोरीचा दाखला काढून द्या.”

हेडसर धावले. “वहिनीसाहेब, असं कसं? हुशार मुलगी आहे, दहावीला शाळेचं नाव काढील. साहेब, तुम्ही सांगा ना.” बबनराव काहीतरी म्हणाला, मला वाटतं ‘काय तमाशा लावलाय’ असं, पण तो निघालाच होता. गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं. जाताना त्यानं नको म्हटलं नव्हतं, आणि हेडसरांना नको म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून दाखल्यावर त्यांची सही झाली. पालक म्हणून भिवराबाईनं सही केली. हळूहळू, एकेक अक्षर. मी शाई वाळेपर्यंत धरून ठेवला आणि मग तिला दिला.

वैष्णवी गेवराईला मामाकडं राहायला गेली आणि तिथल्या शाळेत बसली. भिवराबाईच्या घरी त्या रात्री काय झालं ते मला माहीत नाही. पुढं काही दिवस ती वस्तीच्या वाटेनं दिसली नाही, मग दिसायला लागली. तिनं पंचायतीत जाऊन खुर्ची धरली वगैरे काही झालं नाही. मुदत संपली. पुढच्या वेळी पद खुलं होतं, बबनराव स्वतः उभा राहिला आणि निवडूनही आला. हनुमान सर कायम झाले. गाव जिथं होतं तिथंच राहिलं.

सुंदरराव त्यानंतर दोनेक वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी अध्यक्ष यायचे होते, आले नाहीत. त्यांच्यासाठी आणलेला मोठा हार शेवटी सरांच्याच गळ्यात घालावा लागला, आणि सरांना तो मनापासून आवडला. भाषणात म्हणाले, माझ्या हातून कुणी दुखावलं गेलं नाही. टाळ्या वाजल्या. मला एकट्यालाच हसू आलं असं नाही, शेजारचा शिपाई पण माझ्याकडं बघून डोळा मिचकावून गेला.

परवा आष्टीकडं एका लग्नाला गेलतो. जेवणाच्या पंगतीत सर माझ्यासमोरच. केस सगळे पांढरे झालेत, तब्येत मात्र चांगली. शेजारच्या कुणाला तरी जुन्या गोष्टी सांगत होते. ऐकता ऐकता माझा घास थांबला.

“...ती पोरगी आता बारावीला आहे, लई हुशार. तिच्या वडलांना मी तोंडावर सांगितलं होतं, साहेब, तुम्ही कितीही मोठे असा, सरपंच वहिनीसाहेब आहेत आणि मुलीचं उत्तर बरोबर आहे. मार्क मी देणार. तेव्हा असं बोलायला छाती लागत होती.”

शेजारचा माणूस कौतुकानं मान हलवत होता. तेवढ्यात सरांना मी दिसलो. वाटलं, आता तरी जीभ चावतील. कुठलं काय! हात करून म्हणाले, “हे बघा, आमचे क्लार्क. विचारा यांना. तिथंच होते हे.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“सर, तुम्ही असं काही म्हणाला नव्हता,” मी म्हणालो. “उलट पोरगी शाळा सोडून गेली ती तुमच्यापायी.”

वाढपी थांबला. सगळ्यांच्या आधी सर हसले. मोठ्यानं, मनापासून, माझ्या बोलण्यात काहीतरी गोड विनोद असावा तसे.

“बरोबर, बरोबर. तेही बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून बुंदी घेतली.